पर्यावरणीय नमुना पेढी

पर्यावरणीय नमुना पेढी : हवेतील धूळ, माती, नदीतील गाळ, वनस्पती, प्राणी व मनुष्य यांच्यापासून ठराविक पद्धतीने व ठराविक कालांतराने घेतलेले नमुने, त्यांच्या रासायनिक संघटनात शक्य तितका कमी बदल होईल अशा रीतीने, अनेक दशके जतन करून ठेवणारी व्यवस्था. रक्तपेढी, नेत्रपेढी या शब्दांच्या धर्तीवर ही संज्ञा बनली आहे. मात्र रक्तपेढीतील ठेव आजच्या रुग्णासाठी असते, तर या पेढीतील ठेव पुढे उपस्थित होणाऱ्या व आज माहीत नसलेल्या प्रश्नांसाठी असते.

प्रदूषणाच्या नेहमीच्या पाहणीत नमुना घेतला जातो, त्याचे विश्लेषण होते, आकडे नोंदविले जातात व उरलेला नमुना टाकून देण्यात येतो. हे आकडे उपयुक्त असले, तरी ज्या द्रव्यांचा शोध त्या वेळी घेतला गेला तेवढ्यांविषयीच ते बोलतात. नदीच्या पाण्याची जैव ऑक्सिजन मागणी, विरघळलेला ऑक्सिजन, अम्लता व आंत्रमार्गातील सूक्ष्मजंतू यांची चाळीस वर्षांची नोंद उपलब्ध असली, तरी त्या पाण्यात एखादे औषधी द्रव्य वा अग्निरोधक संयुग केव्हा येऊ लागले ते तीवरून सांगता येत नाही. दुसरी अडचण तुलनेची आहे. विश्लेषणाची उपकरणे दर काही वर्षांनी बदलतात. उदा., जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये इलेक्ट्रॉन-ग्रहण अभिज्ञातक तयार केल्यानंतरच क्लोरीनयुक्त कीटकनाशकांचे अत्यल्प अंश ओळखता येऊ लागले. जुन्या व नव्या पद्धतींनी मिळालेल्या आकड्यांतील फरक पर्यावरणातील बदलामुळे पडला की उपकरणामुळे, हे पुष्कळदा ठरविता येत नाही. नमुनेच शिल्लक असतील तर तीस वर्षांचे नमुने एकाच आठवड्यात, एकाच उपकरणावर व एकाच विश्लेषकाकडून तपासून घेता येतात. अशा तपासणीस पूर्वलक्षी विश्लेषण म्हणतात व पेढीचे खरे मोल त्यात आहे.

इतिहास : जुने नमुने पुन्हा तपासण्याची कल्पना पेढ्यांहून पुरातन आहे. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात १८४३ पासूनच्या प्रयोगांतील माती, धान्य व पेंढा बाटल्यांत जपून ठेवलेला आहे. ज्यांनी तो ठेवला त्यांच्यापुढे खतांचा प्रश्न होता. पुढे त्याच बाटल्यांतील मातीवरून कॅडमियम व डायॉक्सिने यांचा शेतजमिनीतील संचय कसा वाढत गेला, ते पाहता आले.

प्रदूषणाच्या संदर्भात या पद्धतीचे सामर्थ्य १९६०–७० या दशकात प्रत्ययास आले. स्वीडनमध्ये बियाण्यांस लावण्यात येणाऱ्या अल्किल पारायुक्त औषधांमुळे पक्षी मरत असल्याचा संशय होता. तेथील संशोधकांनी संग्रहालयांतील पक्ष्यांची पिसे तपासली, तेव्हा सुमारे शंभर वर्षे जवळजवळ स्थिर असलेले पाऱ्याचे प्रमाण १९४० नंतर अनेक पटींनी वाढल्याचे दिसून आले (१९६६). त्याच वर्षी ही औषधे स्वीडनमध्ये बंद करण्यात आली. सोरेन येन्सेन हे डीडीटीचा शोध घेत असताना त्यांना माशांत व गरुडात काही अनोळखी क्लोरीनयुक्त द्रव्ये आढळली. १९४०–५० च्या सुमारास संग्रहालयात आलेल्या पिसांतही ती असल्यामुळे, ती नंतर प्रचारात आलेल्या कीटकनाशकांपैकी नसावीत, हे स्पष्ट झाले. ती विद्युत् रोहित्रांत वापरली जाणारी बहुक्लोरीनयुक्त बायफिनिले होती. ब्रिटनमध्ये डेरेक रॅट्‌क्लिफ यांनी छांदिष्टांनी जमविलेली बहिरी ससाण्याची अंडी मोजून, १९४७ च्या सुमारास कवचे एकाएकी पातळ झाल्याचे दाखविले (१९६७). अंडी गोळा करण्याचा छंद पुढे बेकायदेशीर ठरला; पण त्या संग्रहावाचून हा पुरावा मिळाला नसता.

भारतीय उपखंडातील गिधाडांचा ऱ्हास हे याच जातीचे उदाहरण आहे. मृत जनावरांच्या शरीरातील डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे पाकिस्तानातील अभ्यासावरून २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी, भारत व नेपाळमध्ये आधीच गोळा केलेल्या मृत गिधाडांच्या ऊतकांत ते औषध शोधले गेले व आढळले. २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गोठविलेली ऊतके हाताशी नसती, तर पाकिस्तानातील निष्कर्ष भारतास लागू आहे की नाही यावर आणखी काही वर्षे वाद चालला असता. आणि त्या काळात गिधाडांची संख्या फार वेगाने घटत होती.

संग्रहालय व पेढी यांतील फरक : वरील उदाहरणांवरून प्राणिसंग्रह व वनस्पतिसंग्रह हेच पेढीचे काम करू शकतील, असा समज होण्याचा संभव आहे. तो बव्हंशी चुकीचा आहे. पक्ष्यांची कातडी टिकविण्यासाठी पूर्वी आर्सेनिकयुक्त साबण चोळीत, त्यामुळे त्यांत आर्सेनिक शोधण्यात अर्थ नसतो. वनस्पतींच्या वाळविलेल्या नमुन्यांस कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावीत. अशा पानांत पारा सापडणारच. मासे फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्याने ऊतकांतील काही द्रव्ये बाहेर झिरपतात, काहींचे विघटन होते. शिवाय संग्रहालयातील नमुने वर्गीकरणासाठी जमविलेले असतात. एखाद्या जातीचे दोन नमुने १९१० चे व तिसरा १९६५ चा, तोही दुसऱ्याच जिल्ह्यातला, अशी स्थिती असल्यास त्यांवरून कालानुक्रम उभा राहत नाही. मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा (स्थापना १८८३) किंवा भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचा संग्रह यामुळे कमी मोलाचा ठरत नाही. त्याचा उद्देश वेगळा आहे.

संघटित पेढ्या : अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९७९ मध्ये मानवी यकृताच्या नमुन्यांपासून प्रायोगिक पेढी सुरू केली. पश्चिम जर्मनीत त्याच सुमारास सुरू झालेल्या प्रायोगिक पेढीचे १९८५ मध्ये कायम संस्थेत रूपांतर झाले. स्वीडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील व जपानमधील एहिमे विद्यापीठातील संग्रहही प्रसिद्ध आहेत. जर्मन पेढीची व्यवस्था इतरांस नमुनेदार ठरली. तीत सागरी शैवल, शिंपले, कुरव पक्ष्यांची व पारव्यांची अंडी, नद्यांतील ब्रीम मासे व निलंबित गाळ, झाडांची पाने व कोवळे शेंडे, गांडुळे, माती, हरणांचे यकृत, तसेच विद्यार्थ्यांचे रक्त व मूत्र असे नमुने ठराविक कालांतराने घेतले जातात. एका नव्या प्लास्टिक-मार्दवकारी द्रव्याचा (२००२ मध्ये बाजारात आलेल्या) अंश १९९९ च्या मूत्रनमुन्यांत मुळीच नव्हता, तर २०१२ च्या जवळजवळ सर्व नमुन्यांत होता. इतक्या थोड्या अवधीत ते सर्वत्र पसरल्याचे अन्य कोणत्याही मार्गाने कळले नसते. स्वीडनमध्ये १९७२ ते १९९७ या काळातील मातांच्या दुधाचे साठविलेले नमुने तपासले असता डीडीटी व बहुक्लोरीनयुक्त बायफिनिले घटत गेली, पण ब्रोमीनयुक्त अग्निरोधकांचे प्रमाण दर पाच वर्षांत सु. दुप्पट होत होते, असे आढळले. बंदी परिणामकारक ठरली आणि दुसरे संकट नकळत वाढत होते, या दोन्ही गोष्टी एकाच कपाटातील कुप्यांवरून सिद्ध झाल्या.

नमुन्यांची निवड व संकलन : पेढीचे यशापयश नमुने गोठविण्यापूर्वीच बहुतांशी ठरते. निवडलेली जाती विपुल, स्थानिक, फारशी स्थलांतर न करणारी, ओळखण्यास सोपी व अनेक वर्षे मिळत राहील अशी असावी लागते. चरबीत विरघळणारी प्रदूषके माशाच्या अंडी घालण्याच्या हंगामानुसार कमीजास्त होतात. पारा वयाबरोबर साठत जातो. म्हणून वय, आकारमान, लिंग, ऋतू व स्थळ ही सर्व ठरवून द्यावी लागतात व ती पुढे बदलता येत नाहीत. एखाद्या वर्षी लहान मासे व दुसऱ्या वर्षी मोठे मासे घेतले, तर दिसणारा बदल प्रदूषणाचा नसून जाळ्याच्या आसाचा असेल.

संकलन करणाऱ्याचे हात, चाकू, पिशवी, वाहनाचा धूर या सर्वांतून नमुना दूषित होऊ शकतो. अगंज (स्टेनलेस) पोलादाच्या सुरीतून क्रोमियम व निकेल, प्लास्टिकच्या पिशवीतून मार्दवकारी द्रव्ये मिसळतात. धातूंच्या दृष्टीने उत्कृष्ट मानली गेलेली टेफ्लॉनची भांडी फ्ल्युओरीनयुक्त संयुगांचा प्रश्न पुढे आल्यावर संशयास्पद ठरली. यावरून कोणतेही भांडे सर्व प्रश्नांसाठी निर्दोष नसते हे लक्षात येईल. म्हणून रिकामी भांडी व वापरलेली हत्यारे यांचेही नमुने ठेवतात.

साठवण : उणे २०° से.ला ठेवलेल्या मांसातही एंझाइमांची क्रिया व चरबीचे ऑक्सिडीभवन मंदपणे चालू राहते. उणे ८०° से.ला ती पुष्कळ मंदावते; उणे १३०° से.च्या खाली पाण्याच्या रेणूंची हालचाल जवळजवळ थांबते. यामुळे दीर्घ मुदतीच्या साठ्यासाठी उणे १५०° से.हून कमी तापमान राखतात व त्यासाठी द्रवरूप नायट्रोजनाच्या (उकळबिंदू उणे १९६° से.) वरील थंड वायूत कुप्या ठेवतात. नमुना पकडल्यापासून या तापमानास येईपर्यंतची साखळी कोठेही तुटता कामा नये. ऊतके गोठलेल्या अवस्थेतच दळून पूड करतात व ती समप्रमाणात भरतात. २ किग्रॅ. पूड प्रत्येकी १० ग्रॅ.च्या २०० कुप्यांत ठेवली, म्हणजे दोनशे प्रश्नांची सोय होते. अनेक प्राण्यांची ऊतके एकत्र दळल्याने सरासरी विश्वसनीय मिळते, पण व्यक्तिगत फरक कायमचे नाहीसे होतात. म्हणून काही ऊतके स्वतंत्रही राखणे इष्ट असते. सर्व साठा एकाच इमारतीत नसावा, हा नियम सावकारी पेढीइतकाच येथेही महत्त्वाचा आहे.

द्रवरूप नायट्रोजन महाराष्ट्राच्या ग्रामीण भागास नवा नाही. ऊरुळीकांचन येथील ‘बाएफ’ या संस्थेने (स्थापना १९६७) गोठित रेताच्या साहाय्याने संकरित गाईंची पैदास वाढविली, तेव्हापासून दुचाकीवर बांधलेली नायट्रोजनाची टाकी खेडोपाडी परिचयाची झाली आहे. या पद्धतीचा विशेष फायदा असा की, टाकीस वीज लागत नाही, वेळोवेळी नायट्रोजन भरावा लागतो इतकेच. उन्हाळ्यात ४२° से.च्या वर जाणाऱ्या व वीज खंडित होणाऱ्या प्रदेशात, उणे ८०° से.च्या विद्युत् शीतकपाटांपेक्षा ही पद्धत अधिक भरवशाची आहे. मात्र बंद खोलीत बाष्परूप नायट्रोजन साचल्यास ऑक्सिजन कमी पडून माणूस क्षणार्धात बेशुद्ध होतो. तेव्हा ऑक्सिजनदर्शक यंत्र व वायुवीजन अत्यावश्यक असते.

सोलापूर जिल्ह्याचा विचार : पेढीची आखणी कशी करावी लागते, हे सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या उदाहरणावरून चांगले समजते. भीमा नदीवर १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात पुणे व पिंपरी-चिंचवड या औद्योगिक नगरांचे सांडपाणी मुळा, मुठा, पवना व इंद्रायणी या नद्यांमार्गे येते. सोलापूर शहरास प्यायचे पाणी याच जलाशयातून नळाने येते, त्याखालील भीमेचे पाणी पंढरपूरला चंद्रभागा म्हणून यात्रेकरूंच्या आचमनास येते व ऊसशेती त्यावर पोसली जाते. औषधे, प्रक्षालके, धातू व नवी औद्योगिक संयुगे यांचा इतका मोठा संग्राहक भोवतालच्या प्रदेशात दुसरा नाही.

येथे जलजीवांपैकी चिलापी (तिलापिया) हा मासा सहज मिळतो. तो परदेशी असला तरी पेढीच्या दृष्टीने विपुलता महत्त्वाची. त्याच्या जोडीला तळावरचे अन्न खाणारी एखादी देशी जात व लॅमेलिडेन्स प्रजातीतील गोड्या पाण्याचे शिंपले घेता येतात. शिंपले एका जागी राहून पाणी गाळतात, त्यामुळे स्थळाची खूण पक्की राहते. परंतु उजनीचा साठा उन्हाळ्यात पुष्कळदा मृतसाठ्याच्याही खाली जातो व तेव्हा मासे व प्रदूषके दोन्ही थोड्या पाण्यात एकवटतात. म्हणून संकलनाची वेळ दिनदर्शिकेबरोबरच पाणीपातळीशीही बांधून घ्यावी लागते. युरोपातील नियम येथे जसेच्या तसे लावल्यास फसगत होईल.

जमिनीवर कडुनिंबाची पाने सोयीची आहेत. चैत्रात नवी पालवी येत असल्यामुळे पानांचे वय ठरविता येते. पाऊस धूळ धुऊन नेतो, तेव्हा शेवटच्या पावसानंतर ठराविक दिवसांनी पाने तोडावीत. ती धुवावीत की न धुवावीत, हा वाद पहिल्याच वर्षी मिटवणे बरे : न धुतलेली पाने धुळीची साक्ष देतात, धुतलेली शोषलेल्या द्रव्यांची. दक्षिण सोलापूर तालुक्यात आहेरवाडी–फताटेवाडी येथे कोळशावर चालणाऱ्या औष्णिक विद्युत् केंद्राचे ६६० मेगॅवॉटचे दोन संच २०१७ व २०१९ मध्ये कार्यान्वित झाले. कोळशात पारा व आर्सेनिक अल्प प्रमाणात असतात. केंद्रापूर्वीच्या दहा वर्षांची पाने व माती गोठवून ठेवलेली असती, तर परिसरात किती फरक पडला किंवा मुळीच पडला नाही, हे निःसंशय सांगता आले असते. असा आधार-नमुना मागाहून तयार करता येत नाही. पुढे जो कारखाना किंवा महामार्ग होईल, त्याच्यापूर्वीची माती मात्र आजही खणून ठेवता येते.

शेतीच्या बाबतीत सोलापूरला जुनी परंपरा आहे. येथे १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीच्या संशोधनास प्रारंभ झाला व २००५ मध्ये डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. डाळिंबावर अनेक कीटकनाशकांची फवारणी होते, तर मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीतील ज्वारीवर जवळजवळ होत नाही. या दोन पिकांखालील माती व धान्य शेजारीशेजारी साठविल्यास एक उत्तम तुलना आपोआप तयार होते. शेतीत डीडीटीचा वापर १९८९ मध्ये, बीएचसीचा १९९७ मध्ये व एन्डोसल्फानचा २०११ मध्ये बंद झाला. जमिनीतून ही द्रव्ये किती वेगाने जातात, हे वार्षिक नमुन्यांवरूनच समजू शकते. वाळविलेली माती व धान्य यांना अतिशीतनाची गरज नसते. ज्वारी पेवात वर्षानुवर्षे ठेवणाऱ्या या भागास कोरड्या व हवाबंद साठवणीचे तत्त्व नव्याने शिकवावे लागणार नाही. फक्त पेवातील ओल व उष्णता येथे चालत नाही.

सर्वांत स्वस्त ठेव हवेची आहे. सोलापूरचा समावेश २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात झाला आहे. हवेच्या राष्ट्रीय मापनपद्धतीत आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षास सु. १०४ दिवस, गाळणपत्रावर धूळ जमवून तिचे वजन करतात. वजन झाले की गाळणपत्राचे काम संपले असे मानले जाते. तेच गाळणपत्र पाकिटात घालून थंड व अंधाऱ्या जागी ठेवल्यास, नगण्य खर्चात शहराच्या हवेचा अखंड इतिहास जमतो.

निसर्गानेही काही पेढ्या सांभाळल्या आहेत. शहराजवळचा एकरूख (हिप्परगा) तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. सोलापुरातील पहिली कापड गिरणी १८७७ ची. या तलावाच्या तळाशी थरावर थर साचलेल्या गाळाचा उभा गाभा काढून, त्याचे वय शिसे–२१० व सीझियम–१३७ या किरणोत्सर्गी समस्थानिकांवरून ठरविता येते. शिसेयुक्त पेट्रोलचा काळ (भारतात तो २००० मध्ये संपला) अशा गाळात उमटणे अपेक्षित असते. तथापि दुष्काळात तळ उघडा पडून भेगाळतो व थर मिसळतात. शिवाय २०१७ पासून राबविण्यात आलेल्या ‘गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार’ यासारख्या योजनांत तलावांतील गाळ शेतात पसरला जातो. शेतीच्या दृष्टीने ते हिताचे आहे; पण खोदाईपूर्वी प्रत्येक तलावातून एकदोन गाभे काढून ठेवण्यास फारसा खर्च येणार नाही.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याची (१९७९) गोष्ट अधिक नाजूक आहे. माळढोक आता तेथे क्वचितच दिसतो. गळलेली पिसे, न उबलेली अंडी, मृत पक्ष्याचे यकृत यांतून कीटकनाशकांचा प्रश्न तपासता येतो. परंतु वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्याचे गळलेले पीसही परवानगीवाचून बाळगता येत नाही. दुर्मिळ प्राण्यांसाठी पेढीने संकलन करू नये, मृत्यूची बातमी येताच काही तासांत पोहोचू शकेल अशी व्यवस्था मात्र वनविभागाच्या सहकार्याने तयार ठेवावी.

मानवी नमुने : रक्त, मूत्र, केस व मातेचे दूध हे नमुने प्रदूषणाचा माणसाशी संबंध सर्वांत सरळ दाखवितात. सोलापुरात यंत्रमाग व रंगकामातील कामगार आणि विडी वळणाऱ्या स्त्रिया हे दोन मोठे वर्ग असून, काही ॲझो रंगांवर १९९०–२००० या दशकात बंदी येण्यापूर्वीचा संपर्क व नंतरचा संपर्क यांची तुलना आता केवळ स्मरणावर करावी लागते. मानवी नमुना घेताना संमती ही मोठी अडचण ठरते : पुढे कोणता प्रश्न विचारला जाईल हे पेढीसच माहीत नसताना देणाऱ्याने कशास संमती द्यावयाची? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत साठविलेल्या जैव नमुन्यांसाठी संमतीचे प्रकार व नीतिसमितीची संमती यांचा विचार केलेला आहे. नाव वेगळ्या नोंदीत कुलूपबंद ठेवणे व नमुन्यावर केवळ संकेतांक लिहिणे हा सर्वमान्य मार्ग होय.

व्यवस्थापन : पहिली आठदहा वर्षे पेढीतून दाखविण्याजोगे काहीच निघत नाही व याच काळात तिचे अनुदान बंद होण्याचा धोका सर्वाधिक असतो. एक वर्षाचा खंड पडला, तर ते वर्ष पुन्हा विकत घेता येत नाही. म्हणून थोड्या जाती, थोडी स्थळे, पण अखंड क्रम हे धोरण महत्त्वाकांक्षी आराखड्यांपेक्षा श्रेयस्कर ठरते. नमुने घेणारे, साठविणारे व प्रदूषणाबद्दल कारवाई करणारे यांनी वेगळे असणे इष्ट होय. जर्मनीत व्यवस्थापन संघीय पर्यावरण कार्यालयाकडे, साठवण एका संशोधन संस्थेकडे व बरेचसे संकलन विद्यापीठाकडे आहे. महाराष्ट्रात १९७० पासून प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, नागपूरला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे व सोलापुरात २००४ पासून विद्यापीठ आहे. अशी विभागणी येथेही शक्य आहे. जैव विविधता अधिनियम, २००२ मध्ये जैव नमुन्यांसाठी अधिकृत भांडारे नेमण्याची तरतूदही आहे.

नमुना देण्याचा निर्णय एका समितीकडे असावा व तिने प्रत्येक मागणीत तीन गोष्टी पाहाव्यात : प्रश्न जुन्या नमुन्यावाचून सुटणार नाही ना, पद्धत ताज्या नमुन्यावर आधी पारखली आहे काय, आणि निष्कर्ष पेढीस परत मिळतील काय. प्रत्येक वर्षाच्या कुप्यांचा काही भाग कोणत्याही कारणासाठी न उघडण्याचा राखीव म्हणून ठेवतात. नोंदवही नमुन्याइतकीच जपावी लागते. स्थळ, वेळ, पकडणाऱ्याची पद्धत, माशाची लांबी व वजन ही माहिती हरवली की कुपीतील पूड निरुपयोगी होते. आणि संगणकातील नोंदींचे स्वरूप दर दहाएक वर्षांनी कालबाह्य होत असल्यामुळे, टिकाऊ कागदावर टिकाऊ शाईने लिहिलेली एक प्रत वेगळ्या इमारतीत ठेवण्याची पद्धत आजही सोडण्याजोगी नाही.